जयंतीचा चॉकलेट केक : भट्टीशिवाय, घरच्या घरी



13 एप्रिलच्या रात्री बारा वाजता वस्तीवस्तीत केक कापला जातो. आता तर मुलांचे वाढदिवस, दहावीचा निकाल, नोकरी लागली, सगळ्यालाच केक आला. त्याला आमचा विरोध नाही. आनंदाच्या दिवशी तोंड गोड व्हावे हे आम्हालाही वाटते. पण आरोग्याच्या पानावर लिहायचे तर तो केक कशाचा असतो आणि कोण खातो, हे बोलायलाच हवे.

गेल्या जयंतीला आमच्या वस्तीत क्रीमचा केक दुपारी चारला आणला आणि मंचामागे टेबलावर ठेवला. कापला बाराला. सकाळी सहा-सात पोरांना उलट्या सुरू झाल्या. दोष केक करणाऱ्याचा म्हणता येणार नाही, आठ तास उकाड्यात ठेवला तो आम्हीच. त्यानंतर महिला मंडळात ठरले की यंदा केक आपणच करायचा. पण ओव्हन कुणाकडे आहे? कुणाकडेच नाही. म्हणून हा भट्टीशिवायचा, बिस्किटांचा केक. तीन वेळा करून बघितला, पहिल्या वेळी बिघडलाही. आता जमतो.

आधी सामानाविषयी, कारण अर्धे आरोग्य दुकानातच ठरते.

कोको पावडर घेताना पाकीट उलटे करून वाचा. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, जे जास्त ते आधी. ड्रिंकिंग चॉकलेट किंवा दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरीत साखर अगदी सुरुवातीलाच दिसेल. आपल्याला हवी ती बिनसाखरेची, चवीला कडू कोको पावडर. लहान पाकीट मिळते आणि त्यात दोन-तीन केक होतात. केकसाठी म्हणून स्वस्तात मिळणारी चॉकलेटची लादी असते, तिच्यातही बहुतेक वेळा कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तूप असते. ती आम्ही घेत नाही. बाजारच्या केकवरचे पांढरे क्रीमही पुष्कळदा दुधाचे नसते, तेही वनस्पती तेलापासूनच बनते. अशा गोठवलेल्या तेलातली ट्रान्स चरबी हृदयाला घातक म्हणून 2022 पासून कायद्याने तिला 2 टक्क्यांची मर्यादा आहे. तरी पाकीट वाचायची सवय सोडू नका.

बिस्किटे साधी मारी घ्या, क्रीमची नकोत. मारीतही 100 ग्रॅममागे साधारण 20 ते 22 ग्रॅम साखर असते, क्रीमच्या बिस्किटात ती बरीच वाढते.

शेंगदाणे निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेले, कडू लागणारे दाणे फेकून द्या, त्याची हळहळ नको. दाण्याला लागणाऱ्या बुरशीचे विष यकृताला बाधते आणि भाजल्याने ते पुरते जात नाही.

आता कृती. 200 ग्रॅम मारी बिस्किटे, 100 ग्रॅम भाजून सोललेले शेंगदाणे, 25 ग्रॅम कोको (सपाट भरलेले चार-पाच मोठे चमचे), 60 ग्रॅम साखर (चार मोठे चमचे), 150 मिली दूध म्हणजे एक लहान वाटी, आणि तीन मोठे चमचे घरचे तूप. वेलची किंवा चिमूटभर मीठ घातले तर चव खुलते.

बिस्किटे हाताने मोडा, नखाएवढे तुकडे राहू द्या. पीठ करू नका. आमचा पहिला केक तिथेच बिघडला, मिक्सरमधून काढल्यावर त्याचा चिखल झाला. दाण्याचे जाडसर कूट करा. पातेल्यात कोको आणि साखर कोरडीच मिसळून गुठळ्या मोडा, मग थंड दूध थोडे थोडे घालत सारखे करा. गरम दुधात कोको टाकलात तर गुठळ्या होतात, त्या मग सुटत नाहीत. आता मंद आचेवर ठेवून सतत ढवळा. उकळी आल्यावर चार-पाच मिनिटे आटू द्या. चमचा बुडवून वर काढला की त्याच्या पाठीला थर राहिला पाहिजे आणि बोटाने रेघ ओढली तर ती तशीच राहिली पाहिजे. गॅस बंद करून तूप घाला. पाच मिनिटांनी बिस्किटे व कूट घालून हलक्या हाताने कालवा.

साखरेऐवजी गूळ घालायचा असेल तर दुधाबरोबर उकळू नका, दूध फाटते.

स्टीलच्या चपट्या डब्याला तुपाचे बोट फिरवा, मिश्रण भरा आणि वाटीच्या तळाने चांगले दाबा. दाबण्यात हयगय केली तर कापताना केक भुगा होऊन पडतो. गरम मिश्रण प्लास्टिकच्या डब्यात किंवा पिशवीत भरू नका. झाकण लावून फ्रीजमध्ये किमान चार-पाच तास, रात्रभर ठेवला तर उत्तम. सोळा तुकडे होतात.

कच्च्या मैद्याचे किंवा कच्च्या अंड्याचे बिनभट्टीचे केक सांगणारे पुष्कळ भेटतात. ते करू नका. मैदा कोरडा दिसला तरी तो कच्चे धान्यच आहे, त्यात जंतू असू शकतात. बिस्किट आधीच भाजलेले असते, म्हणून हा केक चालतो.

हा दुधाचा पदार्थ आहे हे विसरू नका. फ्रीजमध्ये तीन दिवस राहील. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त नको आणि एप्रिलच्या उकाड्यात एकच तास. म्हणजे जयंतीला केक बाराला पाच मिनिटे असताना बाहेर काढायचा. मंचावर शोभेला ठेवायचा नाही.

ज्यांच्या घरी फ्रीज नाही त्यांनी शेजारी ठेवायला दिला तरी हरकत नाही, पण दुसराही मार्ग आहे. 150 ग्रॅम गूळ, दोन चमचे पाणी व एक चमचा तूप यांचा गोळीबंद पाक करा. पाकाचा थेंब वाटीतल्या पाण्यात टाकला की त्याची मऊ गोळी वळली पाहिजे. गॅस बंद करून दोन चमचे कोको, 150 ग्रॅम दाण्याचे कूट आणि 100 ग्रॅम बिस्किटांचा चुरा भराभर मिसळा, तूप लावलेल्या ताटात थापा आणि कोमट असतानाच वड्या पाडा. दूध नसल्याने या वड्या डब्यात चार-सहा दिवस बाहेर टिकतात. मात्र एक गोष्ट सांगून ठेवतो. वीस लहान वड्या झाल्या तरी एकेकीत साडेआठ ग्रॅमच्या आसपास गोड जाते, वरच्या केकच्या तुकड्यात साडेसहा. आकारावर जाऊ नका.

साडेसहा म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरून घातलेली साखर दिवसाला 50 ग्रॅमच्या आत आणि शक्यतो 25 च्या आत ठेवायला सांगते. दोन चमचे साखरेचा चहा तीन वेळा झाला की 25 संपलेच. केक नंतर येतो.

आणि इथे आपल्या आयाबायांचा प्रश्न येतो. वस्तीत फिरताना आम्ही ऐकतो, 'शुगर आहे मला, पण गूळ चालतो ना.' नाही चालत. गूळ रक्तात जाऊन साखरच होतो आणि शुगर तशीच चढवतो. गुळात थोडे लोह असेल, पण म्हणून मधुमेहाला सूट मिळत नाही. खजूर, मध यांचेही तेच. बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह होता, डॉ. माईसाहेब त्यांच्या पथ्याकडे लक्ष देत. त्यांच्या जयंतीला मधुमेहाच्या आजीला आग्रह करून दुसरा तुकडा भरवणे हे आम्हाला पटत नाही. घ्यायचाच असेल तर अर्धा तुकडा, जेवणानंतर, गोळी किंवा इन्सुलिन न चुकवता. रिकाम्या पोटी रात्री बाराला नाही.

कोसलाचा राजा प्रसेनजित फार जेवायचा आणि जेवून धापा टाकत भगवंतांकडे यायचा, ही कथा संयुक्त निकायात आहे. भगवंतांनी त्याला उपास सांगितला नाही. मात्रा राखण्याविषयीची गाथा सांगितली, ती सुदर्शन नावाच्या तरुणाने पाठ केली आणि राजाच्या प्रत्येक जेवणाच्या वेळी म्हणायची असे ठरले. राजा हळूहळू एका नाळीभर भातावर आला आणि हलका झाला. राजाला सुद्धा आठवण करून देणारा लागला. आपल्या घरी ते काम नातवाला द्या, नातू आवडीने करतो.

लहानग्यांबद्दल दोन गोष्टी. चार वर्षांखालच्या मुलाला अख्खा शेंगदाणा देऊ नये, श्वासनलिकेत अडकतो. म्हणून आम्ही कूटच सांगितले. आणि एखाद्या मुलाला दाणे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील तर त्याच्यासाठी दाण्याऐवजी डाळव्याचे जाडसर पीठ घालून वेगळ्या डब्यात करा, वेगळा चमचा वापरा. वाटताना आधी विचारा. ओठ सुजून श्वास लागला तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.

100 मुलांच्या वस्तीला सात डबे पुरतात. सामान 12 तारखेला आणून ठेवा, 13 ला सकाळी नळाला पाणी असतानाच हात-भांडी धुऊन करायला घ्या आणि कुणाच्या फ्रीजमध्ये किती डबे मावतात ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा. आमचे दोन डबे ऐन वेळी जागेअभावी परत आले होते.