अर्थमंत्र्याचें पद आणि चिंतामणराव देशमुख

यंदा नागरिकशास्त्राच्या तासाला मंत्रिमंडळाचा पाठ चालू असतां मागल्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "सर, साऱ्या देशाच्या तिजोरीची किल्ली अर्थमंत्र्याजवळ असते ना? मग ते ज्याला हवे त्याला हवे तितके पैसे कां देत नाहींत?" वर्गांत हंशा पिकला; पण प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. इतक्यांत घंटा झाली आणि उत्तर अर्धेंच राहिलें. तें येथें पुरें करतों. पालकांनींही तें वाचावें अशी विनंति आहे, कारण या हकीकतीचा एक धागा आपल्या चांदा जिल्ह्याच्या इतिहासांत गुंतलेला आहे.

प्रथम त्या किल्लीविषयीं. किल्ली अर्थमंत्र्याजवळ असते हें खरें, पण कुलूप त्याच्या मालकीचें नसतें. कायद्याच्या आधारावांचून कोणताही कर बसवितां येत नाहीं, असें आपल्या राज्यघटनेच्या २६५ व्या कलमांत स्पष्ट म्हटलें आहे. सरकारचें सारें उत्पन्न ज्या संचित निधींत जमा होतें, त्यांतून एक रुपया काढावयाचा झाला तरी संसदेनें तसा कायदा करावा लागतो. म्हणून दर वर्षीं जमाखर्चाचें अंदाजपत्रक लोकसभेपुढें मांडावयाचें असतें. पूर्वीं तें फेब्रुवारीच्या अखेरीस मांडीत; २०१७ सालापासून १ फेब्रुवारीस मांडण्याचा प्रघात पडला आहे. घरीं जुनी एक रुपयाची नोट असल्यास ती काढून पाहा. तिजवर अर्थखात्याच्या सचिवाची सही असते. बाकीच्या नोटांवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नराची. अर्थमंत्र्याची सही मात्र एकाही नोटेवर सांपडावयाची नाहीं.

मग अर्थमंत्र्याचें काम तरी काय? त्यांतील अवघड काम म्हणजे 'नाहीं' म्हणणें. येथील वीजकेंद्रांतील पगाराचा दिवस आठवा. धाकट्याला सायकल पाहिजे असते, आजीला चष्मा पाहिजे असतो, छप्पर पावसाळ्यापूर्वीं शाकारावयाचें असतें, आणि या सर्व मागण्या रास्त असतात. त्यांतील कोणती आज व कोणती पुढच्या महिन्यांत, हें ठरवितांना आईला जो वाईटपणा घ्यावा लागतो, तोच अर्थमंत्र्याला साऱ्या राष्ट्राच्या संसारांत घ्यावा लागतो. सेनेला तोफा, शेतीला कालवे, शिक्षणखात्याला शाळा. प्रत्येक मंत्री आपली मागणी अगत्याचीच म्हणून सांगतो. शिवछत्रपतींच्या दरबारीं जमाखर्च तपासणाऱ्या मुजुमदारास १६७४ सालच्या राज्याभिषेकाचे वेळीं 'अमात्य' ही संज्ञा मिळाली, व अष्टप्रधानांत त्याचें स्थान मोठ्या मानाचें राहिलें. जपानांत अर्थखात्याला २००१ सालापर्यंत 'ओकुराशो' म्हणत. त्याचा अर्थ मोठ्या कोठाराचें खातें. त्या खात्याचे वयोवृद्ध मंत्री ताकाहाशी कोरेकियो यांनीं लष्कराच्या वाढत्या मागण्यांना आवर घालण्याचा प्रयत्न केला, तेव्हां २६ फेब्रुवारी १९३६ रोजीं बंडखोर लष्करी अधिकाऱ्यांनीं पहाटे त्यांच्या घरांत शिरून त्यांचा वध केला. त्यानंतर लष्कराचा खर्च अडविणारा तितका खंबीर माणूस त्या देशांत उरला नाहीं, आणि पुढें काय झालें तें आपण दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासांत वाचतोंच.

आतां आपल्याकडील उदाहरण घेऊं. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजीं कुलाबा (आतां रायगड) जिल्ह्यांतील महाडजवळच्या नाते गांवीं झाला. १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत ते पहिले आले व संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकून १९१८ सालीं आय. सी. एस. परीक्षेंतही त्यांनीं पहिला क्रमांक पटकावला. नोकरीसाठीं ते आले ते मध्यप्रांत व वऱ्हाडांत. आपला चांदा जिल्हा त्या वेळीं याच प्रांतांत मोडत असे, आणि पुढें या प्रांताच्या अर्थखात्याचे सचिव म्हणून त्यांनीं काम केलें. म्हणजे त्या काळीं आपल्या रस्त्यांच्या व शाळांच्या खर्चाचे कागद त्यांच्या खात्यांतून जात. १९४३ सालीं ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. त्या जागेवर बसलेले ते पहिले भारतीय होत. १९५० सालीं जॉन मथाई यांनीं राजीनामा दिल्यावर पंडित नेहरूंनीं त्यांना अर्थमंत्री केलें, व १९५२ च्या निवडणुकींत कुलाब्याच्या मतदारांनीं त्यांना लोकसभेंत पाठविलें.

पहिली पंचवार्षिक योजना त्यांच्याच कारकीर्दींत पार पडली. १ जुलै १९५५ रोजीं इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली, व जानेवारी १९५६ मध्यें आयुर्विम्याचा धंदा सरकारनें ताब्यांत घेतला. हा शेवटला बेत इतका गुप्त ठेविला होता कीं, १९ जानेवारीच्या रात्रीं चिंतामणरावांनीं आकाशवाणीवरून तो जाहीर केला तेव्हांच तो सर्वांना कळला.

पण त्याच आठवड्यांत मुंबई पेटली होती. राज्यपुनर्रचना आयोगानें १९५५ सालीं मुंबईचें द्वैभाषिक राज्य व विदर्भाचें वेगळें राज्य सुचविलें होतें. आपला जिल्हा त्या विदर्भांत धरला होता. सरकारनें तें बाजूस ठेवून १६ जानेवारी १९५६ रोजीं असें जाहीर केलें कीं, विदर्भासह महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा, आणि मुंबई शहर मात्र केंद्राच्या ताब्यांत. मुंबईंत दंगे उसळले, गोळीबार झाले, माणसें मेलीं. संयुक्त महाराष्ट्राच्या साऱ्या लढ्यांत प्राणांस मुकलेल्यांची संख्या शंभरांवर गेली. चिंतामणरावांनीं जानेवारींतच राजीनामा देऊं केला; तो तेव्हां थांबला. जूनच्या आरंभीं पंडित नेहरूंनीं मुंबईच्या सभेंत सांगितलें कीं, शहर पांच वर्षें केंद्राकडे राहील. त्यानंतर चिंतामणराव थांबले नाहींत. जुलैच्या अखेरीस ते मंत्रिमंडळांतून बाहेर पडले, व २५ जुलै रोजीं लोकसभेंत त्यांनीं आपलें निवेदन केलें.

त्यांची तक्रार काय होती तें नीट लक्षांत घ्या, कारण सारा धडा त्यांतच आहे. मुंबई महाराष्ट्राला मिळावी हें तर त्यांचें मत होतेंच. पण त्यांचा दुसरा आक्षेप असा कीं, एवढा मोठा निर्णय मंत्रिमंडळांत विचारविनिमय न होतां जाहीर झाला. घटनेच्या ७५ व्या कलमाप्रमाणें मंत्रिमंडळ लोकसभेला सामुदायिक रीतीनें जबाबदार असतें. आंत बसून मंत्र्यानें वाटेल तितकें भांडावें. बाहेर आल्यावर मात्र निर्णय सर्वांचा. तो ज्याला मान्य नसेल त्यानें खुर्ची सोडावी. जपानांत हा नियम फारच काटेकोर पाळतात. २००५ सालीं शिमामुरा नांवाच्या शेतकी मंत्र्यानें सभागृह विसर्जनाच्या कागदावर सही करण्याचें नाकारलें, तेव्हां पंतप्रधान कोइझुमी यांनीं त्याला तत्काळ काढून टाकून तें खातें स्वतःकडे घेतलें व सही पुरी केली. परंतु सामुदायिक जबाबदारी घ्यावयाची तर आधीं सामुदायिक विचार झाला पाहिजे, हें चिंतामणरावांचें म्हणणें. मुंबईंतील गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली, याचेंही शल्य त्यांनीं बोलून दाखविलें. नेहरूंना हें पटलें नाहीं. पंतप्रधानाला सरकारचें धोरण सांगण्याचा अधिकार असतो, असें त्यांनीं सभागृहांत उत्तर दिलें.

दोघांपैकीं कायद्यानें कोणाचें खरें, यावर विद्वानांत वाद आहे. चिंतामणराव जानेवारीपासून जुलैपर्यंत थांबले कशाला, असें कांहीं लोक विचारतात. माझ्या मतें फेब्रुवारीचें अंदाजपत्रक व एप्रिलमध्यें सुरू होणारी दुसरी योजना समोर असतां तिजोरी वाऱ्यावर सोडून जाणें त्यांच्यासारख्या हिशेबी माणसाला जड गेलें असावें. शिवाय निर्णय बदलण्याची आशाही तोंवर सुटलेली नव्हती. पण हा माझा तर्क आहे. तो परीक्षेंत लिहूं नका.

त्यांच्या जाण्यानें मुंबई लगेच मिळाली नाहीं. ऑगस्टमध्यें संसदेनें गुजरात, सौराष्ट्र, कच्छ, मराठवाडा व विदर्भ यांसह एकच विशाल द्वैभाषिक राज्य ठरविलें, आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजीं चांदा जिल्हा मध्यप्रदेशांतून निघून त्यांत गेला. नागपूरऐवजीं मुंबई आपली राजधानी झाली ती त्या दिवसापासून. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजीं झालें. चिंतामणराव तोंवर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होऊन देशांतील महाविद्यालयांची व्यवस्था लावीत होते. १९५९ सालीं त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळालें, व २ ऑक्टोबर १९८२ रोजीं हैदराबादेस त्यांचा अंत झाला.

हा लेख लिहून झाल्यावर मीं तो त्या मागल्या बाकावरील मुलाला वाचून दाखविला. त्यानें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "मग किल्ली कोणाकडे गेली, सर?" किल्ली टी. टी. कृष्णम्माचारी यांच्याकडे गेली. चिंतामणरावांनीं आयुर्विमा सरकारकडे घेतला होता ना, त्यांतून उभ्या राहिलेल्या आयुर्विमा महामंडळानें मुंदडा नांवाच्या व्यापाऱ्याच्या कंपन्यांचे भाग विकत घेतले, त्याची न्यायमूर्ति छागला यांनीं चौकशी केली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्यें कृष्णम्माचारी यांनींही राजीनामा दिला. ती हकीकत पुढच्या तासाला.