ग्रंथपाल ई. जे. जोसी आणि १९६४ चा ठराव

ग्रंथालय-चळवळीचा विषय निघाला की आपल्याकडे डॉ. रंगनाथन यांचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. या लेखात मात्र आम्ही एका वेगळ्या ग्रंथपालाचा परिचय करून देत आहोत. ग्रंथांची मांडणी कशी करावी यापेक्षा ग्रंथालयाच्या दारातून आत कोणाला येऊ द्यायचे, हाच प्रश्न त्यांच्यापुढे आयुष्यभर उभा होता. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ग्रंथपाल ई. जे. जोसी ते हेच.

त्यांचा जन्म २० जानेवारी १९२४ रोजी व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक येथे झाला. महायुद्धात सैन्यात सेवा केल्यावर त्यांनी हॉवर्ड विद्यापीठाची संगीतातील पदवी घेतली. १९५० मध्ये ते कोलंबिया विद्यापीठातून इतिहास विषयात एम. ए. झाले. (बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या विद्यापीठात शिकले तेच हे विद्यापीठ, हे आमच्या वाचकांना सांगावयास नकोच.) १९५३ मध्ये ऑल्बनी येथून त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी संपादन केली आणि १९५९ मध्ये जॉर्जिया राज्यातील सवाना स्टेट कॉलेजचे ते ग्रंथपाल झाले.

त्या वेळचा दक्षिण भाग कसा होता, याची कल्पना एका घटनेवरून येते. मिसिसिपी राज्यातील जॅक्सन शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात २७ मार्च १९६१ रोजी टूगालू कॉलेजचे नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थी गेले. कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या शाखेत न मिळणारी पुस्तके त्यांनी येथे मागितली आणि शांतपणे वाचत बसले. पोलिसांनी त्यांना अटक केली. पुढे न्यायालयाने प्रत्येकी शंभर डॉलर दंड ठोठावला. पाणवठ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

वाचकांची ही स्थिती, तर खुद्द ग्रंथपालांची त्याहून विलक्षण. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन या राष्ट्रीय संघटनेचे सभासदत्व जोसी यांना मिळत होते. परंतु ज्या राज्यात ते नोकरी करीत होते, त्या जॉर्जियाच्या ग्रंथालय संघाचे दार त्यांना बंद होते. सर्व ग्रंथपालांना प्रवेश न देणाऱ्या राज्यसंघास राष्ट्रीय संघटनेची शाखा म्हणून मान्यता मिळणार नाही, असा नियम होता. अलाबामा, जॉर्जिया, लुईझियाना आणि मिसिसिपी येथील संघांनी मान्यता गमावणे पत्करले, पण भेदभाव सोडला नाही. तरीही राष्ट्रीय संघटनेचे पदाधिकारी या संघांच्या सभांना जात, भाषणे करीत. नियम कागदावर कडक आणि व्यवहारात सैल, हा प्रकार आपल्याही परिचयाचा आहे.

१९६४ च्या उन्हाळ्यात सेंट लुईस येथे राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन भरले. तेथे ग्रंथालय सप्ताहातील कार्याबद्दल मिसिसिपीच्या संघाचा सन्मानपूर्वक उल्लेख होणार होता. त्याच उन्हाळ्यात त्या राज्यात नागरी हक्कांसाठी काम करणाऱ्या तीन तरुणांची हत्या झाली होती. जोसी संतापले. पण तो संताप त्यांनी घोषणेत न दवडता ठरावात उतरविला. मान्यता नसलेल्या राज्यसंघांच्या सभांना राष्ट्रीय संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी व कर्मचाऱ्यांनी अधिकृतपणे अथवा संघटनेच्या खर्चाने जाऊ नये, एवढेच त्यात म्हटले होते. ठराव संमत झाला. आमच्या मते त्याचे बळ या नेमकेपणात होते. कोणाचे मन पालटण्याची वाट न पाहता त्याने प्रतिष्ठा व पैसा यांचा पुरवठा तोडला. पुढच्याच वर्षी, १९६५ मध्ये, जोसी जॉर्जिया ग्रंथालय संघाचे पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले.

त्यानंतरची वीस वर्षे त्यांनी न्यूयॉर्क राज्य ग्रंथालयाच्या सेवेत काढली. १९७० मध्ये कृष्णवर्णीय ग्रंथपालांचा स्वतंत्र गट स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. त्याच वर्षी त्यांनी संपादित केलेला ‘द ब्लॅक लायब्ररियन इन अमेरिका’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला; त्यात या ग्रंथपालांनी आपापले अनुभव लिहिले आहेत. १९८४-८५ मध्ये ते राष्ट्रीय संघटनेचे अध्यक्ष झाले. पुढे पिट्सबर्ग विद्यापीठात त्यांनी ग्रंथालयशास्त्र शिकविले. ३ जुलै २००९ रोजी त्यांचे निधन झाले.

ग्रंथालयातून परतविल्या गेलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांची राष्ट्रीय संघटनेने ठरावाद्वारे क्षमा मागितली, ती २०१८ मध्ये. जोसी यांना जाऊन तोवर नऊ वर्षे झाली होती.