शर्यतीला मुकताना : धावपटूची दुखापत आणि निर्णयाचे गणित

दूर पल्ल्याच्या धावण्याच्या शर्यती ही एकेकाळी केवळ निष्णात खेळाडूंची बाब होती. २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली आणि त्यानंतरच्या दोन दशकांत हे चित्र पालटले. दिल्लीची अर्धमॅरेथॉन, बेंगळुरूची दहा किलोमीटरची शर्यत, साताऱ्याच्या डोंगरातील अर्धमॅरेथॉन, अशा शर्यतींनी नोकरदार, व्यावसायिक, गृहिणी आणि निवृत्त मंडळींनाही पहाटे रस्त्यावर आणले. आपल्या बँकेच्या अनेक शाखांतही असा एखादा सहकारी असतोच, जो डिसेंबर महिन्यात रात्री नऊ वाजता झोपतो आणि लग्नाच्या जेवणावळी टाळतो.

कसे धावावे याविषयी आज विपुल साहित्य उपलब्ध आहे. तथापि पंधरा-सोळा आठवडे निष्ठेने सराव केल्यानंतर, शर्यत अवघ्या तीन आठवड्यांवर आली असताना नडगीत कळ उठली आणि डॉक्टरांनी ‘आता धावणे बंद’ असे सांगितले, तर काय करावे, याविषयी फारसे बोलले जात नाही. प्रस्तुत लेखात त्या प्रसंगाचा थोडा अभ्यास करण्याचा प्रयत्न आहे.

दुखापत नेमकी तेव्हाच का होते?

‘सगळे उत्तम चालले असताना कशी काय दृष्ट लागली?’ हा उद्गार अशा वेळी हमखास ऐकू येतो. यात दृष्ट लागण्यासारखे काही नसते. त्यामागे शरीराचा एक साधा हिशेब असतो. नियमित सरावाने हृदय, फुप्फुसे आणि स्नायू काही आठवड्यांतच सुधारतात. हाडे आणि स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या कंडरा यांना मात्र कित्येक महिने लागतात. हाडावर ताण आला की शरीर प्रथम त्यातील जुना भाग काढून टाकते आणि नंतर तेथे नवा भाग भरते. काढण्याचे काम काही आठवड्यांत उरकते, भरण्याचे काम महिनोन्महिने चालते. या मधल्या काळात ते हाड किंचित दुबळे असते. सरावाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्यात दम वाढलेला असतो, उत्साह दांडगा असतो आणि आठवड्याचे किलोमीटरही सर्वाधिक असतात. नेमके त्याच वेळी हाडाचे भरणकाम अपुरे असते. दम साथ देतो म्हणून पाय पळत राहतात आणि हाड मागे पडते. यातून होणाऱ्या सूक्ष्म भेगेला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

येथे दोन दुखण्यांमधील भेद जाणून घेणे अगत्याचे आहे. नडगीच्या आतल्या कडेने बराच लांबवर पसरलेले, धावण्याच्या प्रारंभी जाणवणारे आणि अंग तापल्यावर बहुधा कमी होणारे दुखणे हे सामान्यतः ‘शिन स्प्लिंट्स’ असते. भार कमी केला तर ते बरेचदा आटोक्यात येते. परंतु बोटाने दाबून ‘येथेच दुखते’ असे दाखवता येणारे, धावता धावता वाढत जाणारे, एका पायावर उडी मारली असता कळ आणणारे आणि पुढे चालताना, किंबहुना रात्री अंथरुणातही जाणवणारे दुखणे हे हाडाचे असण्याची शक्यता मोठी असते. अशा वेळी साधा एक्स-रे पहिले दोन-तीन आठवडे निर्दोष दिसू शकतो. ‘एक्स-रेमध्ये काही नाही, म्हणजे धावायला हरकत नाही’ हा निष्कर्ष म्हणूनच घातक ठरतो. खरी स्थिती एमआरआय तपासणीत दिसते.

बँकेत काम करणाऱ्यांना ही गोष्ट वेगळ्या शब्दांत सहज पटेल. कर्जखाते एका रात्रीत अनुत्पादित होत नाही. हप्ता थकतो, खाते आधी एसएमए-शून्य, मग एक, मग दोन या वर्गांत सरकते आणि ९० दिवस उलटल्यावरच एनपीए ठरते. पहिल्या तीस दिवसांत कर्जदाराशी बोलणारा शाखाधिकारी बहुतेक खाती वाचवतो. शरीराचेही तसेच आहे. फरक इतकाच, की येथे कर्जदार आणि अधिकारी एकच असल्याने थकबाकीकडे काणाडोळा करणे फार सोपे जाते.

सर्वच स्ट्रेस फ्रॅक्चर सारखी नसतात, हेही ध्यानात ठेवावे. नडगीच्या आतल्या बाजूचे किंवा पावलाच्या मधल्या लांब हाडांचे फ्रॅक्चर साधारणतः सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने सांधते. मात्र मांडीच्या हाडाची मान, नडगीची पुढची कड आणि पावलाच्या कमानीतील नौकाकृती हाड ही ठिकाणे धोक्याची मानली जातात. जांघेत खोलवर दुखणे आणि त्या पायावर भार देताच कळ येणे, हे लक्षण असल्यास एक किलोमीटरही धावू नये. तेथील भेग सरकली तर शस्त्रक्रिया अटळ ठरते आणि पुढे खुब्याचा सांधाही धोक्यात येऊ शकतो.

खर्च झालेले आणि व्हायचे असलेले

निदान झाले, तरी निर्णय सुटत नाही. प्रवेशशुल्क भरलेले असते, रेल्वेचे आरक्षण झालेले असते, रजा मंजूर असते आणि सोळा आठवड्यांच्या पहाटा खर्ची पडलेल्या असतात. ‘एवढे केले ते वाया घालवायचे?’ हा प्रश्न मन पोखरू लागतो.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना यात ओळखीचे काही सापडेल. पुढे २०१७ साली नोबेल पारितोषिकाने गौरवले गेलेले अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर यांनी १९८० च्या एका निबंधात एक छोटे उदाहरण दिले आहे. एक गृहस्थ टेनिस क्लबचे ३०० डॉलर वार्षिक शुल्क भरतो. दोन आठवड्यांतच त्याचे कोपर दुखावते. तरीही तो वेदना सोसत खेळत राहतो, कारण काय, तर भरलेले पैसे फुकट जाऊ नयेत! वस्तुतः ते पैसे तो खेळला तरी गेलेले आहेत आणि न खेळला तरी गेलेले आहेत. वेदना मात्र खेळल्यानेच पदरी पडते. यालाच बुडीत खर्च म्हणतात. (बुडीत कर्ज वेगळे, त्यात निदान वसुलीची आशा असते.)

धावपटूने आपला हिशेब आजपासून पुढे मांडावा. धावलो तर काय? नशीब बलवत्तर असेल तर पदक मिळेल आणि बरे होण्यास सहाऐवजी बारा आठवडे लागतील; नसेल तर विसाव्या किलोमीटरवर रुग्णवाहिका आणि पुढे सहा महिने घर. न धावलो तर एक रविवार दुःखाचा जाईल. सोळा आठवड्यांचे कष्ट हे दोन्ही बाजूंना सारखेच असल्यामुळे या हिशेबात त्यांना स्थान नाही.

प्रत्येक कुरबुरीसाठी शर्यत सोडावी, असे मात्र सुचवायचे नाही. लांब पल्ल्याच्या सरावात काहीही दुखत नाही असा धावपटू विरळाच. दुखणे सौम्य असेल, धावताना वाढत नसेल, चालीत लंगडेपणा येत नसेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वीपेक्षा अधिक नसेल, तर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने सराव कमी करून शर्यत गाठता येते. यांपैकी लंगडण्याची खूण मला सर्वांत प्रामाणिक वाटते. बाकीच्या खुणांबाबत मन आपल्याला फसवू शकते, चाल फसवत नाही.

वेदनाशामक गोळी घेऊन धावण्याचा मार्ग तर कोणी सुचवूही नये. वेदना ही सूचना आहे. ती बंद केल्याने भेग बुजत नाही. शिवाय आयब्युप्रोफेनसारखी औषधे घेऊन तीन-चार तास उन्हात धावणे मूत्रपिंडांवर आणि पोटावर ताण आणणारे असते. पॉला रॅडक्लिफ हिने २००३ साली लंडनला २ तास १५ मिनिटे २५ सेकंदांचा जागतिक विक्रम केला, जो पुढे सोळा वर्षे टिकला. २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकपूर्वी तिचा पाय दुखावला होता आणि त्यासाठी घेतलेल्या दाहशामक औषधांनी तिचे पोट बिघडले. मॅरेथॉनमध्ये सुमारे ३६ किलोमीटरवर तिला थांबावे लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, पाय आणि पोट ठिकाणावर आल्यावर, तिने न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली.

लोक काय म्हणतील?

हा प्रश्न हौशी धावपटूला छळतो, मग राष्ट्राचे डोळे ज्याच्याकडे लागले आहेत त्याचे काय होत असेल? ११० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत २००४ चे सुवर्णपदक मिळवणारा चीनचा लिऊ श्यांग १८ ऑगस्ट २००८ रोजी बीजिंगच्या स्टेडियममध्ये प्राथमिक फेरीसाठी उतरला. टाचेमागील कंडरेची दुखापत इतकी होती, की शर्यत सुरू होण्यापूर्वीच तो पाठ फिरवून आत निघून गेला. प्रेक्षक सुन्न झाले. देशात अनेकांना हळहळ वाटली, तर काहींनी त्याला पळपुटा ठरवले. आपल्याकडे नीरज चोप्राच्या वाट्याला याहून समंजस वागणूक आली. जुलै २०२२ मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवताना त्याच्या जांघेला दुखापत झाली आणि महिनाभर विश्रांतीचा सल्ला मिळाला. त्याने बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतून माघार घेतली. ऑगस्टच्या अखेरीस तो लोझानला परतला आणि ८९.०८ मीटर भाला फेकून जिंकला.

हौशी धावपटूची अडचण निराळी असते. त्याला विचारणारे देशवासी नसतात. शेजारी, मेव्हणे आणि कॅन्टीनमधील मंडळी असतात. हैदराबाद येथील आमच्या एका बेचाळीस वर्षांच्या सहकाऱ्याला पहिल्या पूर्ण मॅरेथॉनच्या एकोणीस दिवस आधी नडगीचे स्ट्रेस फ्रॅक्चर झाले. त्याने कार्यालयात कोणालाच सांगितले नाही. ‘तयारी कशी चाललीय?’ असे कोणी विचारले की तो ‘चाललीय’ म्हणे. अखेरीस त्याच्या धाकट्या मुलीने जेवताना विचारले, ‘बाबा, तुम्ही आता पहाटे उठत नाही, मग रागावता का सारखे?’ त्या प्रश्नावर तो निरुत्तर झाला, असे त्यानेच नंतर सांगितले.

मुलीचे निरीक्षण अचूक होते. दुखापतग्रस्त खेळाडूंच्या खिन्नतेचा अभ्यास करणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ब्रिटन ब्रूअर यांनी १९९३ मध्ये असे दाखवले, की ‘मी म्हणजे खेळाडू’ ही ओळख ज्यांच्या मनात अधिक घट्ट असते, त्यांना दुखापतीनंतर खिन्नता येण्याचा धोकाही अधिक असतो. धावणाऱ्याचे केवळ धावणे थांबत नाही. दिवसाची घडी विस्कटते, पहाटेचे सोबती दुरावतात आणि ताण निचरण्याची वाटही बंद होते. म्हणून एक सुचवावेसे वाटते : माघारीची बातमी स्वतःहून, एकदाच आणि एका वाक्यात सर्वांना सांगून टाकावी. ‘हाडाला भेग आहे, यंदा धावत नाही.’ त्यापुढे स्पष्टीकरण देण्याची गरज नाही. पहाटेची वेळ मात्र सोडू नये. त्याच वेळी उठून व्यायामाचा जो भाग शक्य आहे तो करावा.

शर्यतीच्या दिवशी काय करावे, याला एक उत्तर नाही. कोणाला मित्रांना पाणी देण्यात समाधान वाटते. आमचा सहकारी मुंबईला गेला, पेडर रोडच्या चढणीपाशी उभा राहिला आणि अर्ध्या तासात परत फिरला. त्याला ते पाहवेना. त्यातही काही गैर नाही. एक गोष्ट मात्र करू नये : आपला क्रमांक दुसऱ्याला धावण्यासाठी देऊ नये. त्या क्रमांकाशी आपले नाव, वय आणि आपत्कालीन संपर्क जोडलेला असतो. तो धावपटू वाटेत कोसळला तर दूरध्वनी आपल्या घरी येईल आणि त्याच्या घरी कोणालाच काही कळणार नाही.

एरिट्रियात जन्मलेला अमेरिकन धावपटू मेब केफ्लेझिघी २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉनला पोटरीच्या दुखापतीमुळे मुकला. तो अंतिम रेषेजवळ प्रेक्षकांत बसून शर्यत पाहत होता आणि बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी तेथून उठला होता. पुढल्या वर्षी, २१ एप्रिल २०१४ रोजी, त्याच शर्यतीत छातीवरील क्रमांकाच्या कोपऱ्यांत मृतांची नावे लिहून तो धावला आणि २ तास ८ मिनिटे ३७ सेकंदांत पहिला आला. एकोणचाळिसावा वाढदिवस तेव्हा दोन आठवड्यांवर होता. १९८३ नंतर बॉस्टन जिंकणारा तो पहिला अमेरिकन पुरुष.

कमावलेले किती टिकते?

‘सगळी मेहनत मातीत गेली’ हे अर्धसत्य आहे. एडवर्ड कॉइल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली सराव पूर्णपणे थांबवलेल्या कसलेल्या खेळाडूंची मोजणी केली. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पहिल्या २१ दिवसांत सुमारे ७ टक्क्यांनी घटली आणि ५६ दिवसांनंतर १६ टक्क्यांच्या घटीवर स्थिरावली. म्हणजे काहीच न करताही बरीचशी क्षमता शिल्लक राहिली. त्यात पर्यायी व्यायामाची भर घातली तर घट आणखी कमी होते. कमरेला तरंगपट्टा बांधून, खोल पाण्यात पाय तळाला न टेकवता धावण्याचा सराव चार ते सहा आठवडे क्षमता जवळपास राखतो, असे अभ्यासांत दिसून आले आहे. जोन बेनॉइट हिने १९८४ मध्ये गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय वापरता येईनात तेव्हा सायकलची पायटी हातांनी फिरवली आणि सतरा दिवसांनी निवड शर्यत जिंकली. त्याच वर्षी ऑलिम्पिकमधील पहिल्या महिला मॅरेथॉनचे सुवर्णपदकही तिचेच. हे अपवादात्मक उदाहरण आहे. तिचे दुखणे गुडघ्यातील होते, हाडाच्या भेगेचे नव्हे. सतरा दिवसांचा आकडा कोणी मनात धरू नये.

धावणे बंद म्हणून जेवण कमी करण्याची चूक अनेकांकडून होते. हाड सांधण्यासाठी शरीराला ऊर्जा, प्रथिने आणि कॅल्शियम लागते. भरपूर ऊन असलेल्या आपल्या देशातही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते, तेव्हा त्याची तपासणी करून घ्यावी. स्त्रियांनी सरावाच्या काळात मासिक पाळी अनियमित झाली असल्यास ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. पुरेशा आहाराअभावी हाडे दुबळी होत असल्याची ती सूचना असू शकते.

परतीचा क्रम साधा आहे, पण संयमाची कसोटी पाहणारा आहे. प्रथम दैनंदिन चालणे आणि जिने चढणे वेदनारहित व्हावे. नंतर अर्धा तास झपझप चालून पाहावे. ते काही दिवस निर्धोक जमल्यावर चार मिनिटे चालणे आणि एक मिनिट धावणे, असे सहा फेरे एक दिवसाआड करावेत. पुढे धावण्याचे मिनिट वाढवावे आणि चालण्याचे कमी करावे. आधी अंतर, वेग अगदी शेवटी. जुन्या जागी पुन्हा बोट ठेवून दुखले, तर एक पायरी मागे येऊन दोन दिवस थांबावे. आणि पुढल्या शर्यतीचे प्रवेशशुल्क सलग अर्धा तास न दुखता धावता आल्यावरच भरावे, सवलतीची मुदत आजच संपत असली तरी.