धनादेशाचे क्रमांक हातातील स्कॅनरने वाचणे

प्रश्न : अहमदपूर येथील पतसंस्थेत धनादेशांचे क्रमांक हाताने नोंदवावे लागतात, बारकोड स्कॅनरने ते वाचता येतील काय?

उत्तर : स्कॅनरमध्ये छापील अक्षरे ओळखण्याची सोय असेल, तर येतील. धनादेशाच्या तळाची पट्टी ई-१३बी या वळणात, म्हणजे 10 अंक व 4 चिन्हे एवढ्याच ठरावीक आकारांत छापलेली असते. म्हणून प्रथम केवळ हेच वळण चालू करून इतर सर्व बंद ठेवावीत, आणि त्यानंतरच साचा, म्हणजे कोणत्या जागी अंक व कोणत्या जागी अक्षर अपेक्षित आहे हे सांगणारा नमुना, भरावा. अनेक यंत्रांत 9 म्हणजे अंक, त्यामुळे धनादेश क्रमांकासाठी 999999 हा साचा पुरतो. पुढील 9 अंकी संकेतांकात शहर, बँक व शाखा यांचे प्रत्येकी 3 अंक असल्याने त्याला नऊ 9 लागतात. साच्यात न बसणारे वाचन यंत्र नाकारते, हाच त्याचा खरा लाभ होय. मात्र पट्टीची शाई चुंबकीय असली तरी असा स्कॅनर प्रकाशानेच वाचतो, म्हणून पट्टीवर शिक्का वा सही मुळीच येऊ देऊ नये. देवनागरी मजकुरासाठी ही सोय निरुपयोगी आहे.