शाळा आणि तालीम

सातारा व सांगली हे आज दोन निरनिराळे जिल्हे आहेत. परंतु १९४९ पर्यंत या प्रदेशाचा बराचसा भाग एकाच सातारा जिल्ह्यात मोडत असे. त्या वर्षी दक्षिण सातारा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. नावे बदलली, सीमा आखल्या गेल्या, तरी कृष्णामाई मात्र दोन्ही जिल्ह्यांतून पूर्वीसारखीच वाहत आहे. या नदीच्या काठच्या गावांत एक गोष्ट हटकून आढळते. गावात मारुतीचे देऊळ असते आणि देवळाच्या आसपास तालीम असते. पहाटे तेथे जोर-बैठकांचा आवाज घुमतो आणि तांबड्या मातीच्या हौद्यात पोरे एकमेकांशी झुंजू लागतात.

ही माती साधी नसते. ती बारीक चाळून घेतात. तीत तेल, ताक, हळद, लिंबू असे पदार्थ मिसळतात व ती वरचेवर खणून मऊ ठेवतात. मल्ल आखाड्यात उतरताना प्रथम मातीला हात लावून तो कपाळाला लावतो. आखाड्यात जात, पैसा किंवा वडिलांचा हुद्दा यांना मान नसतो. मान असतो तो मेहनतीला. म्हणूनच या भागातील जाणत्या शिक्षकांनी तालमीला शाळेची वैरीण मानले नाही. शरीर कमावणे हाही शिक्षणाचाच भाग आहे, हे त्यांनी ओळखले होते.

या विचाराचे एक ठळक उदाहरण औंध संस्थानात पाहावयास मिळाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः नित्यनेमाने सूर्यनमस्कार घालीत. आपल्या संस्थानातील शाळांतून त्यांनी मुलामुलींसाठी सूर्यनमस्कार सक्तीचे केले. त्यांचे संस्थान लहान होते, त्याचे तुकडेही विखुरलेले होते. औंध हे गाव आज सातारा जिल्ह्यात आहे, तर त्याच संस्थानातील आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे. सूर्यनमस्काराला साहित्य लागत नाही, मोठे क्रीडांगण लागत नाही, की पैसाही लागत नाही. गरिबातल्या गरीब मुलालाही तो व्यायाम करता येतो. सर्व मुलांना सारखाच लाभ व्हावा, ही त्यामागची दृष्टी होती.

अशा या प्रदेशात कृष्णा आणि कोयना यांचा संगम जेथे होतो, तेथे कऱ्हाड हे जुने गाव वसलेले आहे. या गावातील टिळक हायस्कूल ही नामांकित शाळा. महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण हे याच शाळेचे विद्यार्थी. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास भोगून आल्यावर १९३४ साली ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. त्यानंतर सहा वर्षांनी, म्हणजे १९४० साली, जवळच्याच गोळेश्वर गावचा एक मुलगा या शाळेत शिकावयास आला. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी एका शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावांत ते सर्वांत धाकटे. वडील दादासाहेब हे स्वतः मल्ल होते. त्यांनी वयाच्या पाचव्या वर्षीच खाशाबांना आखाड्यात उतरविले. शाळेत आल्यावर खाशाबांनी केवळ कुस्तीच केली असे नाही. कबड्डी, धावणे, पोहणे, वजन उचलणे अशा अनेक प्रकारांत ते भाग घेत. या निरनिराळ्या खेळांचा त्यांच्या कुस्तीला मोठाच उपयोग झाला. धावण्याने दम वाढला, पोहण्याने खांदे व छाती भरली आणि कबड्डीने पायांत चपळाई आली. बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक त्यांना लाभले.

खाशाबा उंचीने बेताचे आणि अंगाने हलके होते. थोराड मल्लासमोर केवळ ताकदीच्या जोरावर त्यांचा निभाव लागला नसता. म्हणून त्यांनी डावपेचांचा कसून अभ्यास केला. ढाक हा त्यांचा हातखंडा डाव. त्यात प्रतिस्पर्ध्याची मान पकडीत घेऊन त्याला क्षणार्धात कमरेवरून फेकावे लागते. वेळ थोडी जरी चुकली, तरी डाव टाकणाराच खाली येतो. असा डाव एका दिवसात साधत नाही. तोच डाव शेकडो वेळा करावा, चुकावा, पुन्हा करावा, तेव्हा कोठे तो अंगवळणी पडतो. गणिताचा सराव आणि डावाचा सराव यांत या दृष्टीने फारसा फरक नाही.

ते दिवस स्वातंत्र्यलढ्याचे होते. १९४२ साली ‘छोडो भारत’ चळवळ सुरू झाली आणि सातारा जिल्हा पेटून उठला. शाळकरी खाशाबांनी भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देण्याच्या कामी मदत केली व त्यांची पत्रके पोहोचविली. पुढे १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला. ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताचा तिरंगा फडकवावयाचा, ही आकांक्षा त्यांनी मनाशी बाळगली.

पुढील शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात गेले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. प्रवासाच्या खर्चाचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. लंडनला पोहोचल्यावर त्यांच्यापुढे एक नवीच अडचण उभी राहिली. जन्मभर मातीत कुस्ती केलेल्या खाशाबांना तेथे गादीवर कुस्ती करावयाची होती. मातीत पाय रुतून राहतो, गादीवर तो सरकतो. मातीतील कुस्तीत प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लागली की निकाल लागतो. गादीवरच्या कुस्तीत वेळ ठरलेली असते आणि चितपट झाली नाही, तर पंच निर्णय देतात. म्हणजे पाठीला गादी न लागताही मल्ल हरू शकतो. हे नवे नियम आत्मसात करावयास त्यांना फार थोडा अवधी मिळाला. तरीही सर्वांत हलक्या वजनाच्या गटात त्यांनी सहावा क्रमांक मिळविला. पदक मिळाले नाही. परंतु आपण कोठे कमी पडलो हे त्यांना नेमके उमगले. परतताच त्यांनी दुप्पट जोमाने मेहनत सुरू केली.

चार वर्षांनी, १९५२ साली, फिनलंड देशातील हेलसिंकी येथे ऑलिंपिक भरणार होते. निवडीच्या वेळी आपल्यावर अन्याय झाला असे खाशाबांना वाटले. परंतु ते हताश होऊन बसले नाहीत. त्यांनी पटियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. तेव्हा प्रतिस्पर्धी निरंजन दास यांच्याशी त्यांची पुन्हा कुस्ती ठरली, आणि तीत त्यांनी आपली योग्यता निर्विवादपणे सिद्ध केली.

निवड झाली, पण हेलसिंकीला जाण्यासाठी पैसा कोठून आणावयाचा? शेतकऱ्याच्या मुलाजवळ एवढी रक्कम असणार तरी कशी! खाशाबांनी गावोगाव हिंडून मदत मागितली. लोकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे वर्गणी दिली. तरीही रक्कम अपुरीच पडत होती. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर पुढे आले. त्यांनी स्वतःचे राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती. विद्यार्थी हरला असता, तर घर गमावण्याची वेळ आली असती. तरीही आपल्या विद्यार्थ्याच्या कर्तृत्वावर त्या शिक्षकाचा असा दृढ विश्वास होता.

हेलसिंकीत खाशाबा बँटमवेट, म्हणजे ५७ किलो वजनाच्या गटात उतरले. त्यांनी कॅनडा व मेक्सिको या देशांच्या मल्लांना हरविले. शेवटच्या टप्प्यात सोव्हिएत संघाचा रशीद मम्मदबेयॉव आणि जपानचा शोहाची इशी हे दोन बलाढ्य मल्ल त्यांच्यासमोर होते. या लढतींत खाशाबांना हार पत्करावी लागली. इशीने सुवर्णपदक मिळविले, मम्मदबेयॉवने रौप्यपदक, आणि २३ जुलै १९५२ रोजी खाशाबा जाधव यांनी कांस्यपदक पटकाविले. वैयक्तिक खेळात स्वतंत्र भारताला मिळालेले हे पहिले ऑलिंपिक पदक होय. त्याच स्पर्धेत कोल्हापूरचे केशव माणगावे हे वरच्या गटात चौथे आले. त्यांचे पदक थोडक्यात हुकले.

पदक घेऊन खाशाबा कऱ्हाडच्या स्टेशनावर उतरले, तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक त्यांच्या स्वागताला आली होती. ढोल वाजत होते. एरवी पाव तासात संपणाऱ्या वाटेला त्या दिवशी तासन्‌तास लागले. पण या आनंदात खाशाबा आपले देणे विसरले नाहीत. त्यांनी कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः कुस्त्या खेळून पैसा मिळविला आणि प्राचार्यांचे घर सोडवून दिले. पदकाने त्यांचे बळ जगाला दिसले. या कृतीने त्यांचे मन दिसले.

१९५५ साली खाशाबा पोलीस दलात दाखल झाले आणि तेथे त्यांनी दीर्घकाळ सेवा केली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी एका अपघातात त्यांचे निधन झाले. वैयक्तिक खेळातील दुसरे ऑलिंपिक पदक मिळण्यास भारताला १९९६ सालापर्यंत, म्हणजे तब्बल चव्वेचाळीस वर्षे, वाट पाहावी लागली. यावरून खाशाबांच्या पराक्रमाचे मोल ध्यानात येते. तरीही हयातीत त्यांच्या वाट्याला मोठा सन्मान आला नाही. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो मरणोत्तर. आज दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडागृहाला त्यांचे नाव आहे, आणि १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. गुणी माणसाचा गौरव त्याच्या हयातीतच करावा, हा धडाही या चरित्रातून घेण्यासारखा आहे.

खाशाबांनी दाखविलेली वाट ओस पडली नाही. १९६२ साली जाकार्ता येथे आशियाई स्पर्धा झाल्या. त्यांत सांगली जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने आणि पुनवतचे गणपत आंदळकर या दोघांनीही कुस्तीत सुवर्णपदके मिळविली. त्याच जिल्ह्यातील पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे १९६५ च्या युद्धात जबर जखमी झालेले सैनिक. अपंगत्व आले तरी त्यांनी पोहण्याचा ध्यास घेतला आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे दिव्यांगांच्या जागतिक स्पर्धेत भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले.

मुलीही मागे राहिल्या नाहीत. सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी माण तालुक्यातील मोही गावच्या ललिता बाबर यांनी २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी गाठली. २०२३ साली सातारच्या आदिती स्वामी या अवघ्या सतरा वर्षांच्या मुलीने बर्लिन येथे तिरंदाजीचे जागतिक विजेतेपद पटकाविले. आखाड्याच्या जागी धावपट्टी आली, हौद्याच्या जागी नेमबाजीचे लक्ष्य आले; मेहनत मात्र तीच राहिली.

शाळेच्या क्रीडांगणावर उतरणारे प्रत्येक मूल ऑलिंपिकला जाते असे नाही, आणि तसे जावे असाही आग्रह नाही. परंतु नियम पाळून खेळणे, हार झाली तर तिचे कारण शोधणे, अन्याय झाला तर योग्य मार्गाने दाद मागणे आणि ज्यांनी हात दिला त्यांचे ऋण फेडणे, हे गुण ज्याने मैदानावर कमावले, तो पुढे शेतावर, कारखान्यात किंवा कचेरीत कोठेही उणा पडत नाही. कृष्णाकाठच्या शाळांनी आणि तालमींनी मिळून घडविलेली खरी संपत्ती हीच होय.

शब्दार्थ

हौदा – तालमीतील कुस्तीच्या मातीची जागा. चितपट – प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला लावून मिळविलेला विजय. हातखंडा – चांगला साधलेला. दाद मागणे – न्याय मिळावा म्हणून विनंती करणे. फड – कुस्त्यांचा सामना. ऐपत – आर्थिक कुवत. निर्विवादपणे – वादाला जागा न ठेवता.

स्वाध्याय

१. औंध संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे करण्यामागे कोणती दृष्टी होती?

२. इतर खेळांचा खाशाबांच्या कुस्तीला कसा उपयोग झाला?

३. मातीतील कुस्ती व गादीवरील कुस्ती यांतील फरक सांगा.

४. प्राचार्य खर्डेकर यांनी कोणता धोका पत्करला? खाशाबांनी त्यांचे ऋण कसे फेडले?

५. ‘पदकाने त्यांचे बळ जगाला दिसले, या कृतीने त्यांचे मन दिसले.’ या वाक्याचा अर्थ आपल्या शब्दांत लिहा.

६. वाक्यांत उपयोग करा : अंगवळणी पडणे, निभाव लागणे, पेटून उठणे, ध्यास घेणे.

७. आपल्या गावातील तालमीची किंवा शाळेतील एखाद्या जुन्या खेळाडूची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळींत लिहा.