घरचं झाड, चेन सॉ आणि खर्चाचा हिशेब

कोकणात वडिलोपार्जित जागेवर चिऱ्याचं छोटं घर बांधायला निघालेल्या माणसाचा एक हिशेब ठरलेला असतो. आवारातला फणस आणि बांधावरचा ऐन तोडायचा, कटरवाल्याला बोलावून जागेवरच फळ्या पाडून घ्यायच्या, म्हणजे लाकूड फुकटात पडलं. ते फुकटात पडत नाही. म्हणून झाडाला हात लावण्याआधी आकडे कागदावर मांडावेत.

आधी लाकूड किती लागतं ते पाहू. 12 बाय 15 फुटांची खोली, वर दुपाखी मंगलोरी कौलांचं छप्पर, चहूबाजूंनी दोन-दोन फुटांची वळचण. दीड फुटावर एक धरला तर 4 बाय 2 इंचाचे, साडेनऊ फुटी 28 वासे लागतात. रिपा साधारण 380 फूट. आढं, भिंतींवरची लाकडं, आडव्या तुळया, दार-खिडक्यांच्या चौकटी धरून बेरीज 35 ते 40 घनफूट कापीव लाकडाची होते. ओंडक्यातून निम्मं लाकूड हाती आलं तरी चांगलं समजावं, म्हणजे गोल लाकूड याच्या दुप्पट हवं.

गोल लाकूड मोजायची व्यापारातली रीत सोपी आहे. घेराचा चौथा हिस्सा घ्या, त्याचा वर्ग करा, लांबीने गुणा. 6 फूट घेर आणि 10 फूट लांबी असेल तर दीड गुणिले दीड गुणिले दहा, म्हणजे 22.5 घनफूट. भौमितिक मापाने त्याच ओंडक्यात 28 घनफुटांहून अधिक लाकूड असतं. साल आणि बाजूच्या पाठींची घट या रीतीत आधीच धरलेली आहे. भौमितिक मापाने धरलं तर असे तीन ओंडके आपल्या खोलीला पुरतात. मात्र 19 फुटांचं आढं त्यातून निघणार नाही. त्यासाठी एक लांब, सरळ खोड वेगळं राखावं, नाहीतर आधार देऊन जोड घ्यावा.

आता यंत्र. ऑनलाइन दहा हजारांच्या आत मिळणाऱ्या चेन सॉवर भरवसा ठेवू नका. त्या फांद्या आणि जळाऊ लाकूड आडवं कापायला ठीक असतात. ओंडका उभा चिरताना इंजिन मिनिटांमागून मिनिटं पूर्ण ताकदीवर चालतं. तिथे 70 सीसीच्या वरचं इंजिन लागतं. नामांकित कंपनीचं असं यंत्र साठ-सत्तर हजारांच्या पुढे जातं. फळी सरळ निघावी म्हणून पात्याला जोडायची चौकट, म्हणजे अलास्कन मिल, काही हजारांत मिळते. उभ्या चिराईची साखळी वेगळी घ्यावी लागते: नेहमीच्या साखळीच्या दातांना 25 ते 35 अंशांची धार असते, हिला 10 अंशांच्या आसपास. हेल्मेट, चेहऱ्याची जाळी, कानाचं संरक्षण, पायांचं कापरोधक आवरण आणि बूट हा खर्च टाळण्याजोगा नाही. यंत्राचा आवाज 100 डेसिबलच्या वर जातो आणि पात्याचं टोक अडलं की यंत्र क्षणात उलटं उसळतं. एकट्याने कधीही कापू नका.

सगळं मिळून नव्वद हजार धरा. 35 घनफुटांवर वाटले तर घनफुटाला अडीच हजारांहून जास्त पडले, तेही पेट्रोलचा थेंब न जाळता. इंधन त्या मानाने किरकोळ आहे. तासाला दोनेक लिटर पेट्रोल, त्यात लिटरला 20 मिलिलिटर टू-स्ट्रोक तेल, शिवाय साखळीचं वंगण. तासाला चारशे रुपये धरा. कठीण लाकडात 10 फुटी एक काप पाव तास खातो. तीन ओंडक्यांना इंजिनाचे नऊ-दहा तास लागतील, पण ओंडके फिरवणं आणि साखळीला पुन्हा पुन्हा धार लावणं धरून चार दिवस मोडतात. घराजवळच्या झाडात जुना खिळा किंवा कुंपणाची तार गिळलेली असली तर साखळीची धार जागीच जाते, म्हणून खोड आधी तपासा.

भुशाची नासाडी मात्र कोणी मोजत नाही. चेन सॉचा काप साधारण 9 मिलिमीटर रुंद असतो, सॉ मिलच्या पट्टा करवतीचा तीनेक मिलिमीटर. एक इंची फळ्या पाडल्या तर चेन सॉ लाकडाचा चौथा हिस्सा भुशात घालवते. दोन इंची फळ्यांत हीच नासाडी पंधरा टक्क्यांवर येते. म्हणून तुळया, आढं आणि जाड फळ्या चेन सॉने काढाव्यात. वासे आणि रिपा त्या फळ्यांतून सुताराच्या गोल करवतीवर पाडून घ्याव्यात. चेन सॉने रिपा काढणं म्हणजे चांगलं लाकूड मातीत घालणं.

स्वतःची जमीन असली तरी कागदपत्रं सुटत नाहीत. महाराष्ट्र झाडे तोडण्याबाबत (विनियमन) अधिनियम, 1964 च्या अनुसूचीत साग, फणस, आंबा, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा ही कोकणातली नेहमीची झाडं आहेत आणि त्यांना तोडीची परवानगी लागते. सातबारा सामाईक असेल तर सहहिस्सेदारांची लेखी संमती आधी मिळवा. कोकणात काम अडतं ते बहुधा इथेच. लाकूड रस्त्यावरून न्यायचं असेल तर वाहतूक परवान्याची चौकशी करा. दोडामार्गसारख्या भागात उच्च न्यायालयाच्या आदेशाने तोडीवर बंदी आलेली आहे, तेव्हा वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारल्याशिवाय कटरवाल्याला विसार देऊ नका.

तोड पावसाळ्यानंतर, थंडीत करावी. अंधाऱ्या पक्षात तोडलेलं लाकूड किडत नाही असं गावात सांगतात. ती रीत पाळायची तर पाळा, पण सालीलगतचं पांढरं लाकूड काढून टाकणं आणि उरलेल्याला बोरॅक्स-बोरिक अॅसिडचं पाणी देणं सोडू नका. फणसाचा पिवळा गाभा चौकटींना उत्तम, छपराला ऐन-किंजळ. आंबा छपरात घालू नये, त्याला कीड लवकर लागते. फळ्यांच्या टोकांना रंग किंवा मेण लावा, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या ठेवून सावलीत थप्पी रचा. इंचाला एक वर्ष हा सुकवण्याचा ढोबळ हिशेब आहे, आणि कोकणच्या पावसाळ्यात लाकूड पुन्हा ओल धरतं. ओल्या लाकडाच्या चौकटी पहिल्याच उन्हाळ्यात पिळतात.

माझं मत स्पष्ट आहे. ट्रक झाडाजवळ पोचत असेल तर ओंडके सॉ मिलला न्या, आणि मजुरी गोल मापावर की कापीव मापावर हे आधी लिहून घ्या. पाऊण टनाचा ओला ओंडका डोंगरउतारावरून हलवणंच अशक्य असेल, तर अलास्कन मिल वापरणारा अनुभवी कटरवाला रोजाने बोलवा. स्वतःचं यंत्र घ्यायचं ते पुढच्या काही वर्षांत अनेक झाडं कापायची असतील तरच.