संकेतस्थळाचे पान आणि पडद्याचे माप

शासकीय माहिती प्रसिद्ध करणे जितके महत्त्वाचे, तितकेच ती नागरिकास वाचता येणे महत्त्वाचे होय. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक प्राधिकरणांनी विहित माहिती स्वतःहून जाहीर करावयाची असते. परंतु पान केवळ कार्यालयीन संगणकाच्या मापाने आखले, तर लाभार्थ्यांची यादी भ्रमणध्वनीवर पाहणाऱ्या ग्रामस्थास नाव एका टोकास व रक्कम दुसऱ्या टोकास शोधावी लागते. ओळ चुकली की अर्थही चुकतो.

बदलती मापे

पूर्वी संगणकाचे पडदे ६४० बाय ४८० पिक्सेलचे असत. पुढे ते ८०० व १०२४ पिक्सेल रुंदीचे झाले. त्यानुसार पानाची एकच रुंदी, बहुधा ९६० पिक्सेल, ठरविली जाई. २००७ साली आलेल्या आयफोनचा पडदा ३२० बाय ४८० पिक्सेलचा होता. त्यावर रुंद पान आक्रसून दिसे. २०१० मध्ये ईथन मारकॉट यांनी लवचीक रचना, लवचीक चित्रे आणि पडद्यानुरूप नियम यांवर आधारलेली पद्धती मांडली. एकच पान प्रत्येक पडद्यास जुळवून घेते, हे तिचे सूत्र होय.

ध्यानात घ्यावयाच्या बाबी

पडद्यावरील प्रत्यक्ष पिक्सेल आणि मांडणीचे पिक्सेल भिन्न असतात. १०८० पिक्सेल रुंदीचा भ्रमणध्वनी तिप्पट घनतेचा असल्यास मांडणीसाठी ३६० पिक्सेलच उपलब्ध होतात. पानाने उपकरणाची रुंदी स्वीकारावी, अशी सूचना पानाच्या आरंभी देणे म्हणूनच आवश्यक ठरते.

२०१८ च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनुसार ३२० पिक्सेल रुंदीतही मजकूर आडवा न सरकविता वाचता यावा. १२८० पिक्सेलच्या पडद्यावर मजकूर चौपट मोठा करणाऱ्या मंददृष्टी वाचकासही एवढीच रुंदी उरते. तक्त्यांना या निकषात सवलत आहे. तथापि प्रत्येक लाभार्थ्याची नोंद स्वतंत्र चौकटीत, एकाखाली एक दिल्यास वाचन सुलभ होते.

मोठ्या पडद्यावर याउलट ओळी अतिलांब होऊ देऊ नयेत. देवनागरीतील मात्रा व उकार एकमेकांस भिडू नयेत, यासाठी दोन ओळींत पुरेसे अंतर राखावे.

पान प्रसिद्ध करण्यापूर्वी ते एखाद्या साध्या भ्रमणध्वनीवर ग्रामसभेच्या सदस्याकडून वाचून घ्यावे. त्यास आपले नाव आणि त्यापुढील रक्कम विनासायास सापडली, तरच माहिती खऱ्या अर्थाने पोहोचली असे म्हणता येईल.